पाठमोऱ्याची मान

३ मार्च

धाकटे मालक आज घरी येऊन गेले. मी कप्तान झालो ते पाचही सिनेमे थोरल्या मालकांनी काढले, त्यांच्यामागे आता हे कंपनी बघतात. लहानपणी सेटवर माझ्या टोपीत खडे भरून ठेवायचे. आता दाढी ठेवतात. बसल्या बसल्या म्हणाले, "काका, कप्तान परत आणायचाय. भाग सहावा."

मी उठून खिडकीशी गेलो आणि बाहेर बघत उभा राहिलो. असं उभं राहिलं की माणसाला वजन येतं. दुर्दैवानं आमच्या खिडकीतून फक्त समोरच्या इमारतीची गच्ची दिसते आणि तिथे एक बाई चादरी वाळत घालत होती. तिला वाटलं मी तिच्याकडेच बघतोय. तिनं हात केला, मलाही करावा लागला. परिणाम हवा तसा साधला नाही.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. खरं तर बारा वर्षं मी या एका वाक्यावर डोळे लावून बसलो होतो. पण पटकन हो म्हणणं कप्तानाला शोभत नाही.

ते गेल्यावर बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरातलं कपाट लावत होती. म्हणजे मी काल लावलेलं कपाट ती परत लावत होती. म्हणाली, "करा की. नक्की करा. किती महिने बाहेर राहावं लागेल?" इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिचा माझ्या कलेवरचा विश्वास बघून मला भरून आलं.

४ मार्च

सकाळी पाव आणायला गेलो तर पाववाला म्हणाला, "काय कप्तान, परत कधी?" हे तो गेली कित्येक वर्षं रोज विचारतो, आणि मला वाटतं त्याचा अर्थ 'उद्या पाव लागणार का' इतकाच असतो. पण आज मी गूढ हसलो. त्यानं दोन पाव जास्त बांधले.

मला चौसष्ट पूर्ण झाली. कप्तानाचं वय सिनेमात कधी सांगितलेलं नाही, त्यामुळे तिकडून अडचण नाही.

पाठमोऱ्याला फोन केला. म्हटलं, मालक सहावा काढतायत. तो म्हणाला, "तू हो म्हणालास का?" मी म्हटलं, विचार करतोय. म्हणाला, "बरं. मी उद्यापासून पळायला लागतो."

पाठमोरा म्हणजे माझा मेहुणा. हे नाव त्याला युनिटनं ठेवलं, आणि आता घरीही तेच चालतं. कड्यावरून, पुलावरून, चालत्या ट्रकवरून उडी टाकणारा कप्तान म्हणजे तो. उडी टाकण्याआधीचा आणि खाली पोचल्यानंतरचा कप्तान म्हणजे मी. अवघड काम माझ्याकडे असायचं, कारण चेहऱ्यावर सगळं दाखवावं लागतं. त्याला काय, नुसतं पडायचं.

माझी धाकटी बहीण एकदा डबा घेऊन सेटवर आली आणि सकाळी न जेवता निघालो म्हणून मागून येऊन तिनं मला एक सणसणीत धपाटा घातला. तो मी नव्हतो. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

९ मार्च

आज विम्यासाठी तपासणी. कंपनीला ती लागतेच. सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं, छातीला तारा चिकटवल्या. मी कप्तानासारखा चाललो. तो तपासणारा मुलगा म्हणाला, "सर, साधं चाला." मी म्हटलं, हे साधंच आहे. थोड्या वेळानं त्यानंच पट्टा बंद केला. त्याला दिसायचं ते दिसलं असणार.

डॉक्टर फार भला माणूस. माझ्याकडून आईसाठी सही घेतली, तिसऱ्या भागातला लाव्ह्याचा प्रसंग तोंडपाठ म्हणून दाखवला. मग मला बाहेर बसायला सांगून बायकोशी बराच वेळ बोलला. तीही सिनेमाबद्दलच विचारत असणार. येताना तिनं माझा हात सोडला नाही. रस्त्यात गर्दी होती.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"वयाच्या मानानं बरं आहे म्हणाले."

मी त्यातलं 'बरं आहे' एवढं घेतलं. कागद तिच्याच पर्समध्ये राहिले, कंपनीकडे तीच पाठवणार आहे. मला त्या भानगडीत पडायचं नाही.

१० मार्च

बायकांचं काही कळत नाही. परवापर्यंत 'करा करा' म्हणणारी बायको आज म्हणते, "आणि नाही केलं तर काय बिघडतं?" मी म्हटलं, अगं, लोक वाट बघतायत. ती म्हणाली, "लोकांना घरी दुसरी कामं आहेत."

दुपारी बहीण आली. दोघी तासभर स्वयंपाकघरात. मिक्सर सारखा चालू होता, पण खायला काहीच बाहेर आलं नाही. मग बहीण येऊन माझ्यासमोर बसली. डोळे लाल. कांदा चिरला असेल.

"दादा, तू हा सिनेमा नको करूस."

"का?"

ती बायकोकडे बघायला लागली. बायको म्हणाली, "सांगा ना त्यांना. मानेचं."

"हां, मानेचं," बहीण म्हणाली. "ह्यांच्या मानेचं. डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितल्यात. आणि तू हो म्हणालास की हे निघालेच. तुला ते नाही म्हणायचे नाहीत, तुला माहितीय. म्हणून तूच नाही म्हण."

मला धक्काच बसला. पाठमोऱ्याची मान. पाच सिनेमांत तिच्यावर काय काय पडलं, आणि आता हे. मी विचारलं, कुठल्या बाजूची? बहीण म्हणाली डावी, बायको म्हणाली उजवी. म्हणजे दोन्ही बाजूंनी आहे. प्रकरण गंभीर दिसतंय.

माझी पंचाईत झाली आहे. मला सिनेमा हवाय. हे इथे स्पष्टच लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. मला कप्तानाचं ते जॅकेट घालून परत एकदा उभं राहायचंय. बारा वर्षं मी दुकानांच्या फिती कापतोय, आणि आता फितीसुद्धा लहान लहान झाल्या आहेत. पण बहिणीचा नवरा माझ्या हौसेपायी कामातून गेला तर कुठल्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ?

१४ मार्च

दिग्दर्शिकेला भेटलो. तिशीची पोरगी, केस आखूड, बोलताना पेन चावते. सहा वर्षांची असताना तिनं पहिला भाग बघितला आणि घरी येऊन कपाटावरून उडी टाकली. पुढचा दात तेव्हा पडला तो अजून खोटा आहे. मला तिनं तो दाखवला. असा प्रेक्षक आता कुठे मिळतो?

मात्र तिचे प्रश्न विचित्र. माझ्या चेहऱ्याबद्दल एकही नाही. "सर, धावताना कप्तान डावा खांदा खाली का टाकतो?" मी सांगितलं, ती माझी कल्पना. जबाबदारीचं ओझं दिसावं म्हणून. पाठमोरा म्हणतो, पहिल्या भागात त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं म्हणून तो तसा धावला आणि पुढे तेच चालू ठेवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

मग ती म्हणाली, "सिनेमाच्या शेवटी कप्तान एका माणसाला भेटतो. वाटाड्या. जन्मभर त्याच्या पुढे चाललेला, त्यामुळे कप्तानानंही त्याचा चेहरा कधी नीट बघितलेला नाही. तो वळतो आणि एक वाक्य बोलतो. ते काम मला तुमच्या मेहुण्यांनी करायला हवंय."

मी म्हटलं, तो लाजेल. त्याला समोरून सवय नाही.

"विचारून तर बघा," ती म्हणाली.

१५ मार्च

पाठमोऱ्याकडे गेलो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या हल्ली जास्त उंच केल्यासारख्या वाटतात. दुसऱ्या मजल्यावर एका घराच्या दारावरची पाटी मी सावकाश वाचली. नंतर समोरच्या दारावरचीही वाचली.

घरात तो नव्हता. गच्चीवर सापडला, पाण्याच्या टाकीवर चढून काहीतरी ठोकत होता. मला बघून शिडीच्या वरच्याच पायरीवरून खाली उडी टाकली. हे त्याचं वागणं मला अजिबात आवडलं नाही. मान दुखते ना? मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "कोणाची?" तेवढ्यात बहीण मागून वर आली आणि तिनं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "हां, मान." आणि मान धरली. दुखणं अंगावर काढायची त्याला सवयच आहे.

बहीण खाली गेल्यावर मी त्याला कामाचं सांगितलं. वाटाड्याचं. एक वाक्य.

"दिसणार कुठून?" त्यानं विचारलं.

"समोरून. अगदी जवळून."

त्यानं हातातला पाना नीट पुसला, मग परत पुसला. मग 'आलोच' म्हणून खाली गेला. बऱ्याच वेळानं वर आला तेव्हा केस ओले होते आणि भांग पाडलेला होता. "आणि वाक्य काय आहे?" म्हणाला. मी म्हटलं, अजून लिहिलं नसेल. म्हणाला, "लहान असलं तरी चालेल."

निघताना दाराशी पळायचे नवे बूट दिसले. तळवे बऱ्यापैकी झिजलेले. आणि हा माणूस म्हणे आजारी.

१९ मार्च

आज कंपनीच्या गोदामात कपडे आणि चालण्याची चाचणी. इथेच पूर्वी थोरले मालक माझा गुहेचा सेट लावायचे. आता एका कोपऱ्यात सतरंज्या आणि मोडक्या खुर्च्या.

जॅकेट आकसलं आहे. जुनं कातडं आकसतं, कपड्यांच्या बाईंनीही लगेच मान्य केलं. पोटावरची बटणं लावू नका म्हणाल्या, उघडं जास्त धाडसी दिसतं.

दिग्दर्शिका म्हणाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पळा. पाठमोरा मागे खुर्चीवर बसला होता. मी ठरवलंच होतं की सगळं आपणच करायचं. उड्यासुद्धा. म्हणजे पाठमोऱ्याची मान वाचेल, बहीण खूष, सिनेमाही होईल. एका दगडात सगळे.

पळालो. सुरुवात झकास झाली. खांदाही टाकला. अर्ध्यात आल्यावर बुटाची नाडी सुटल्यासारखं वाटलं म्हणून एका खोक्यावर बसलो. नाडी सुटलेली नव्हती. जॅकेट इतकं घट्ट की डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि श्वास पुरेना. त्या बाईंना सांगायला हवं, बाहीसुद्धा आकसली आहे.

सगळ्यात आधी माझ्यापाशी कोण पोचलं असेल? पाठमोरा खुर्चीवरून उठल्याचं मला दिसलंही नाही. जॅकेट काढून घेतलं, गळ्याचं बटण सोडलं, आणि बाकीच्यांना म्हणाला, "कप्तानाला पाणी द्या, धूळ फार आहे इथे." धूळ होतीच. दिग्दर्शिका पेन चावत उभी होती. म्हणाली, "पुरे आजच्यापुरतं. चेहरा नंतर कॉम्प्युटरवर तरुण करता येतो, सर, त्याची काळजी नको." मी म्हटलं, चेहऱ्याची मला काळजी नाहीच.

त्यानं मला घरी सोडलं. मी वर जाऊन पडलो. तो आणि बायको खाली दाराशी बराच वेळ बोलत होते. नंतर तिनं सूप आणून दिलं. तो न भेटताच गेला होता. असं तो कधी करत नाही.

२२ मार्च

तीन दिवस पडून आहे. बायको उठू देत नाही, म्हणते थकवा आहे. पडल्या पडल्या माणूस नको ते विचार करतो.

मला भीती वाटते. उंचीची नाही, उंचीवर मी फारसा कधी गेलोच नाही. भीती याची की मी नाही म्हणालो तर कप्तान संपला, आणि त्याच्याशिवाय मी म्हणजे पाव आणणारा एक माणूस. आणि हो म्हणालो आणि पाठमोऱ्याला काही झालं तर? मी करतो सगळं, असं गोदामात ठरवलं होतं. पण नाडी प्रत्येक वेळी थोडीच सुटणार आहे, या वाक्यावर माझा मलाच भरवसा वाटेना.

आज एक गोष्ट डोक्यात आली आणि जाईना. सेटवर उडीच्या आधी दिग्दर्शक मोठ्यानं विचारायचे, "कप्तान, तयार?" मी मान हलवायचो. मग कॅमेरा थांबायचा, मी बाजूला होऊन चहा प्यायचो, आणि तो माझ्या जागी उभा राहून उडी टाकायचा. पाच सिनेमांत त्याला तयार आहेस का असं कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही नाही.

सहाव्याच्या बाबतीतही सगळे माझ्याशीच बोलतायत. बहीणसुद्धा. मान त्याची, विचारणा मला. उद्या उठून त्यालाच विचारतो. तो हो म्हणाला तर हो, नाही म्हणाला तर नाही.

२३ मार्च

गेलो. बायकोला पाव आणायला जातो म्हणून सांगितलं.

जिना चढताना पहिल्या मजल्यावर बसलो, दुसऱ्यावर परत बसलो. पाट्या वाचण्याचं सोंग या वेळी केलं नाही, कोणी बघत नव्हतं. मान वर केली तर तो वरच्या कठड्यावरून बघत होता. किती वेळ बघत होता कोण जाणे. हाक मारली नाही, खाली आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. पायात तेच बूट, कपाळावर घाम. पळून आला होता.

मी आधी दम घेतला. त्यानं घाई केली नाही.

"तुला एक विचारायचंय," मी शेवटी म्हणालो. "आधीच विचारायला हवं होतं. सिनेमा करायचा का आपण? तुला करायचाय का? माझा विचार सोड. तू म्हणशील ते."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या हातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. इतकं जवळून त्यानं मला कधी बघितल्याचं आठवत नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. घाम गेला असेल.

"नाही," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. मला नाही जमणार आता, कप्तान. मान फार दुखते." आणि मान हलवून दाखवली. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. सगळीकडे दुखते म्हणाला.

"आणि वाटाड्या? त्यात उडी नाहीये. नुसतं वळायचं."

"वळायचं म्हणजे मानच आली की," तो म्हणाला. मग बुटांची नाडी सोडली आणि परत बांधत बसला. "तू मालकांना माझं नाव सांग. सांग की माझ्यामुळे अडलं. लोकांनाही तसंच सांग. मला काही वाटणार नाही."

खरं सांगतो, छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि त्या क्षणी मला स्वतःची थोडी लाजही वाटली. तो बिचारा मोडलाय आणि मला मोकळं वाटतंय. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला. म्हटलं, वाईट वाटून घेऊ नकोस, वय कोणाला चुकलंय? तो म्हणाला, "नाही ना." मग त्यानं मला खालपर्यंत सोडलं, हात धरून. तेवढाच त्याला आधार.

२४ मार्च

धाकट्या मालकांना फोन केला. म्हटलं, माझ्याकडून काही अडचण नाही, मी कधीही तयार आहे, पण माझ्या माणसाला आता झेपणार नाही. ते म्हणाले, "काका, त्याची काय एवढी काळजी, तरुण मुलं आहेत की उड्या मारायला." मी म्हटलं, "तो नाही तर मी नाही." हे वाक्य बोलताना आवाज कापरा झाला. अभिनय नव्हता. कुठल्याही सिनेमात मी इतकं चांगलं वाक्य बोललो नसेन, आणि ते ऐकायला एकटा हा दाढीवाला.

ते म्हणाले, मग दुसरा कप्तान बघावा लागेल. मी म्हटलं, बघा. फोन ठेवल्यावर थोडं रडलो. बायको शेजारी येऊन बसली. नंतर म्हणाली, "कपाट लावायचंय. येताय?"

बहिणीचाही फोन आला. 'दादा' म्हणाली आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, वेडे, तुझ्या नवऱ्यासाठी एवढं तरी करायला नको?

३१ मार्च

पाववाल्यानं आज परत विचारलं, "कप्तान, परत कधी?" मी म्हटलं, "उद्या. दोन पाव." बरं वाटलं.

बाजारातून पाठमोऱ्यासाठी मानेची उशी आणली. मधोमध खोलगट असते ती. द्यायला गेलो तर तो रस्त्याच्या कडेलाच दिसला. पाण्याचा मोठा कॅन खांद्यावर, एका हातात भाजी, आणि शीळ वाजवत दोन दोन पायऱ्या चढत जिन्यात शिरला. मी हाक मारली. तो जागच्या जागी थांबला, कॅन खाली ठेवला आणि मान धरली.

"काय रे हे," मी म्हटलं, "असं ओझं उचलतात का?"

"चुकलंच," तो म्हणाला.

उशी बघून त्याला फार आनंद झाला. हसू आवरेना त्याला. म्हणाला, दिग्दर्शिकेचा परत फोन आला होता, दुसऱ्या कप्तानाबरोबर वाटाड्याचं काम करा म्हणत होती, तर तिला नाही सांगितलं. मी विचारलं, का रे, चेहरा दिसला असता. तो म्हणाला, "कोणासमोर वळायचं? मी ओळखत नाही त्याला." भिडस्तपणा जात नाही त्याचा.

मग कॅनची एक कडी त्यानं धरली, एक मी. आम्ही सावकाश वर गेलो. प्रत्येक मजल्यावर बसून घेतलं, मधे पायऱ्यांवरही दोनदा बसलो. त्याच्या मानेला सोसेल तेवढंच चढायचं. मला काही घाई नव्हती.